एक डोळा झाकून पाहा

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीचे कार्यकर्ते मला बोलवायला आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, मी काही वक्ता नाही. पस्तीस वर्षे नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. लोकांचे चष्म्याचे नंबर काढले, शाळा तपासल्या, शिबिरे केली. मला बोलता येईल ते डोळ्यांवरच." ते म्हणाले, "मग त्यावरच बोला." म्हणून आजचा विषय डोळा. तो कसा बनलेला आहे आणि काम कसे करतो, एवढेच सांगायचे आहे. मात्र शेवटी मी तुमच्याकडून एक काम करून घेणार आहे. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि पैसा एकही लागत नाही.

सुरुवात माझ्या घरापासून करतो.

१९८१ साली मी बारावीला होतो. परीक्षा तोंडावर आली होती. जीवशास्त्राच्या पेपरात डोळ्याची आकृती हमखास येणार असे सरांनी सांगितले होते, आणि ती मला इतकी पाठ होती की झोपेतून उठवले तरी काढली असती. त्याच दिवसांत आमच्या गावाकडे ज्वारीची मळणी चालली होती. वडील खळ्यावर उफणत होते. वाऱ्याने कूस उडाले आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात गेले. त्यांनी तो डोळा हाताने गच्च दाबून धरला आणि भर दुपारी आम्हाला विचारलं, "अंधार का पडला रे?"

आम्हाला वाटलं, घाबरले असतील. आईने डोळा पाण्याने धुतला. मग मला शंका आली म्हणून मी त्यांचा उजवा डोळा झाकून डाव्यासमोर बोटे धरली आणि विचारले, "दादा, किती?" त्यांना बोटेच काय, हातही दिसत नव्हता. डाव्या डोळ्याची नजर कधीच गेलेली होती आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत नव्हते.

जिल्ह्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा काचबिंदू आहे. डावा डोळा गेला तो गेला. उजव्या डोळ्याची बाजूची नजरही कमी झाली आहे, पण जे उरले आहे ते औषधाने राखता येईल. मग आम्हाला एकेक गोष्ट आठवू लागली. दोन-तीन वर्षांपासून वडिलांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. डाव्या हाताला ठेवलेला तांब्या कलंडायचा. आई म्हणायची, "लक्ष कुठं असतं तुमचं?" आणि आम्ही पोरं हसायचो. घरात डोळ्याची आकृती तोंडपाठ असलेला मुलगा होता, पण त्याने बापाच्या डोळ्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

एका माणसाचा एक डोळा पूर्ण जातो आणि त्यालाच ते कळत नाही, हे कसे होते? तुम्हाला खोटे वाटेल. पण डोळ्याची रचना समजली की यात नवल काही राहत नाही. म्हणून ती आता क्रमाने पाहू.

आपला डोळा मध्यम आकाराच्या आवळ्याएवढा असतो. समोरून मागे मोजला तर सुमारे २४ मिलिमीटर. बाहेरून पांढरे, चिवट आवरण असते. समोर मात्र ते पारदर्शक होते. घड्याळावर काच असावी तसे. याला पारपटल म्हणतात, डॉक्टर मंडळी कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रकाशकिरण वळवण्याचे निम्म्याहून जास्त काम हे पारपटलच करते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, नाहीतर नजर धूसर झाली असती. त्याला लागणारा प्राणवायू बराचसा बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून मिळतो. रक्त नसल्यामुळेच एकाचे पारपटल दुसऱ्याला बसवले तरी शरीर ते सहसा नाकारत नाही. एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी १९०५ साली असे पहिले यशस्वी रोपण केले. नेत्रदानात मुख्यतः हेच पारपटल उपयोगी पडते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवले पाहिजे. चष्मा असला, मधुमेह असला, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले तरीही नेत्रदान करता येते, हे येथे मुद्दाम सांगतो, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत.

पारपटल ओले व स्वच्छ राहावे म्हणून पापण्या मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटतात. दर वेळी क्षणभर अंधार होतो. पण मला सांगा, मी बोलायला उभा राहिल्यापासून तुमच्यापैकी कुणाला अंधार झालेला जाणवला का? नाही ना? कितीतरी वेळा झाला, पण मेंदूने तो तुमच्यापर्यंत पोचू दिला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

पारपटलाच्या मागे रंगीत पडदा असतो, ते बुबुळ. आपल्याकडे बहुतेकांचे तपकिरी किंवा काळे. त्याच्या मध्यभागी जो काळा ठिपका दिसतो ती बाहुली. बाहुली ही वस्तू नाही, ते छिद्र आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यात आपलेच इवलेसे प्रतिबिंब दिसते, त्यावरूनच हे नाव पडले असावे. लख्ख उन्हात हे छिद्र दोन मिलिमीटरपर्यंत लहान होते, अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत मोठे होते. घरी गेल्यावर एक गंमत करून पाहा. मुलाच्या एका डोळ्यावर बाजूने बॅटरीचा उजेड टाका. त्या डोळ्याची बाहुली आकसते, पण त्याबरोबर दुसऱ्याचीही आकसते. दोन डोळ्यांचा कारभार मागे एकत्र चालतो, याचा हा पुरावा.

बाहुलीच्या मागे भिंग असते. दूरचे पाहताना ते चपटे असते. जवळचे पाहताना भोवतीचे स्नायू आवळतात आणि भिंग फुगते. तरुणपणी ते लवचीक असते. वय वाढते तसे ते ताठर होते आणि चाळिशीच्या सुमारास पुस्तक हातभर लांब धरावे लागते. म्हणून तर मराठीत त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात! पुढे हेच भिंग गढूळ होते, तो मोतीबिंदू. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की बाकी डोळा चांगला असल्यास नजर परत येते. हे कृत्रिम भिंग लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली पहिल्यांदा बसवले. महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते, आणि डोळ्याने ते तुकडे सोसले होते. हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली.

आता काचबिंदू. नावात 'बिंदू' दोन्हीकडे आहे, पण हे दोन वेगळे आजार आहेत. पारपटल आणि भिंग यांच्या मधल्या जागेत एक पाणी खेळत असते. हे अश्रू नव्हेत, अश्रू बाहेर असतात. हे आतले पाणी बुबुळाच्या मागे तयार होते, बाहुलीतून पुढे येते आणि बुबुळ व पारपटल यांच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जाते. दिवसभरात ते चहाच्या एका चमच्यापेक्षाही कमी बनते. या पाण्यामुळे डोळ्यात ठरावीक दाब राहतो, साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका. नळ चालू आहे आणि मोरी तुंबली तर काय होईल? पाणी चढेल. तसाच डोळ्यातला दाब चढतो आणि त्याचा मार बसतो तो सगळ्यात मागे, जिथून डोळ्याची नस बाहेर पडते तिथे. काही लोकांची नस नेहमीच्या दाबालाही टिकत नाही. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, डॉक्टरांनी आतली नसही पाहावी लागते. नस एकदा सुकली की ती परत येत नाही. मोतीबिंदूत गेलेली नजर आणता येते, काचबिंदूत गेलेली आणता येत नाही. शिबिरांत मी कितीतरी वृद्ध पाहिले जे म्हणायचे, "मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू." ते पिकायची वाट बघत बसले आणि होता काचबिंदू!

डोळ्याच्या आतल्या बाजूने मागे जो पातळ पडदा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात. जाडी साधारण पाव मिलिमीटर. त्यात प्रकाश ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. काठीसारख्या पेशी नऊ ते बारा कोटी, आणि शंकूसारख्या पेशी पन्नास-साठ लाख. काठीपेशी अंधुक उजेडात काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत. त्यांना 'अ' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. म्हणून पालेभाज्या, गाजर, पपई, अंडी खावीत, आणि नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मुलांना पाजतात तो चुकवू नये. शंकूपेशी दिवसाच्या व रंगांच्या. त्यांची दाटी एका छोट्या ठिकाणी असते, त्याला पीतबिंदू म्हणतात. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहा. साधारण तेवढ्याच भागाचे आपल्याला खरोखर बारीक व स्पष्ट दिसते. बाकी सगळे पुसट असते. डोळा सारखा इकडेतिकडे फिरत राहतो आणि मेंदू ते तुकडे जोडून एक अख्खे चित्र उभे करतो.

दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते, हे योहानेस केप्लर यांनी १६०४ साली दाखवून दिले. तरी आपल्याला जग सुलटे दिसते. कारण पाहण्याचे शेवटचे काम मेंदूत, डोक्याच्या मागच्या भागात होते. दृष्टिपटलापासून मेंदूपर्यंत दहा-बारा लाख बारीक तंतू जातात, त्यांची मोळी म्हणजे डोळ्याची नस. ही मोळी जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश ओळखणारी एकही पेशी नसते. म्हणजे तुमच्या-माझ्या, अगदी निरोगी डोळ्यातही एक आंधळी जागा असतेच. सतराव्या शतकात एडम मॅरिऑट या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती शोधून काढली. आज आपण इथे ती शोधू.

सर्वांनी दोन्ही हात समोर लांब करा. दोन्ही अंगठे वर, एकमेकांना चिकटून. आता डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे एकटक पाहा. नजर हलवायची नाही. आता उजवा हात हळूहळू उजवीकडे न्या. वीतभराच्या थोडे अलीकडे थांबत थांबत सरकवा. काय झालं? "सर, अंगठ्याचं टोक गेलं!" बरोबर. ज्यांचे गेले नाही त्यांची नजर हलली असेल, पुन्हा करा. (सभागृहात हशा.)

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर द्या. अंगठ्याचे टोक गेले तेव्हा त्या जागी काय दिसले? काळा डाग दिसला का? भोक दिसले का? नाही. मागची भिंत दिसली. म्हणजे जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे मेंदूने आजूबाजूचा रंग भरून टाकला, आणि तुम्हाला विचारलेही नाही. एरवी दोन्ही डोळे उघडे असले की एकाची आंधळी जागा दुसरा झाकतो.

माझ्या वडिलांचे नेमके हेच झाले होते. काचबिंदूत नजर बाजूने, हळूहळू, वर्षानुवर्षे जाते. बहुतेक वेळा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. जो भाग गेला तिथे काळोख दिसत नाही. मेंदू तो भरून काढतो आणि उरलेले दुसरा डोळा सांभाळतो. माणसाला वाटते आपल्याला सगळे दिसते आहे. आपल्याला काय दिसत नाही हे आपले आपल्याला दिसत नाही. डोळ्यांबद्दलची आपली खात्री म्हणूनच भरवशाची नाही, ती तपासून घ्यावी लागते.

मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे. एकदा एका शाळेत तपासणी करताना तिसरीतली एक मुलगी उजवा डोळा झाकू देईना. डावा झाकला की शहाण्यासारखी वाचायची, उजवा झाकला की मान वळवून बोटांच्या फटीतून बघायची. बाई तिच्यावर ओरडल्या, "खोड्या करू नकोस." ती खोड्या करत नव्हती. तिला डाव्या डोळ्याने तक्त्यावरचे फक्त सगळ्यात वरचे मोठे अक्षर दिसत होते. त्या डोळ्याला मोठा नंबर होता आणि आठ वर्षांत कुणालाही, तिच्या आईलाही ते कळले नव्हते. अशा वेळी मेंदू पुसट चित्र देणाऱ्या डोळ्याकडे लक्ष देणे सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की लहानपणी एक डोळा बंद राहिला तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लवकर कळले तर चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावता येते. सात-आठ वर्षांच्या आत त्याचा फायदा सर्वांत जास्त होतो, नंतर तो कमी होत जातो. त्या मुलीची आई चिकाटीची होती. वर्षभराने ती मुलगी डाव्या डोळ्याने तक्त्याच्या खालच्या ओळींपर्यंत आली.

मधुमेह असणाऱ्यांना एक सांगणे. मधुमेहाने दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि हेही सुरुवातीला कळत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर क्षीण झाली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या वेळी दृष्टिपटलावरचे लेसरचे उपचार नव्हते. आज आहेत. तेव्हा साखर ताब्यात ठेवा आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्या. आणखी एक. डोळा लाल झाला, खाज आली की दुकानातून परस्पर थेंब आणून महिनोन् महिने घालू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉईड असते. त्याने बरे वाटते, पण दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

आता ते अर्ध्या मिनिटाचे काम. समोर भिंतीवर देणगीदारांच्या नावांचा फलक आहे. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो लावूनच ठेवा. डावा डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि उजव्याने एक ओळ वाचा. आता उजवा झाका आणि डाव्याने तीच ओळ वाचा. दोन्हीकडे सारखेच दिसते का? फरक वाटला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. घरी गेल्यावर मुलांचे करा, म्हाताऱ्यांचे करा. मात्र एक ध्यानात ठेवा. यात मोठा फरक कळतो, सुरुवातीचा काचबिंदू कळत नाही. त्यासाठी चाळिशीनंतर डॉक्टरांकडून दाब आणि नस तपासून घेणे हाच मार्ग आहे. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर टाळाटाळ करूच नका, कारण त्या घरात तो होण्याची शक्यता जास्त असते.

माझे वडील त्यानंतर बावीस वर्षे जगले. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे त्यांनी एकदाही चुकवले नाही. २००३ साली ते गेले तोपर्यंत उजव्या डोळ्याने नातवंडांचे चेहरे ओळखत होते. घरी कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी म्हणायचे, "एक डोळा झाकून बघ बरं."

२००४ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी स्वतःचे डोळे तपासून घेतले. मला काही त्रास नव्हता. फक्त वडिलांना होता म्हणून तपासले. मलाही काचबिंदू निघाला, अगदी सुरुवातीचा. तेव्हापासून थेंब घालतो आहे. आज मी इथपर्यंत सायकलवर आलो आणि आत्ता हातातले टिपण चाळिशी लावून वाचतो आहे. वडिलांना जे पन्नाशी उलटल्यावर खळ्यावर अचानक कळले, ते मला दहा वर्षे आधी दवाखान्यात कळले. आम्हा बापलेकांत फरक आहे तो एवढाच.